वरच्या खोलीला परवानगी नाही, आता हॉलची भिंत काढून वर अजून दोन खोल्या चढवायच्यात – काय करावं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात परत मांडते म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. सांगलीत विश्रामबागच्या बाजूला दोन गुंठ्यांत वडिलांनी १९९६ ला तळमजला बांधला, त्याचा तेव्हाच्या नगरपालिकेचा मंजूर नकाशा घरात आहे. २००९ ला वर १० बाय १२ ची एक खोली आणि बाजूला संडास-बाथरूम काढलं, त्याला कसलीच परवानगी नाही. आता भावाचं लग्न ठरलंय म्हणून वर अजून दोन खोल्या चढवायच्यात आणि खाली हॉल नि स्वयंपाकघराच्या मधली भिंत काढून एकच मोठा हॉल करायचाय. मिस्त्री म्हणतोय परवानगी-बिरवानगी काय लागत नाही, शेजारचे काका परवा फोटो काढून गेले, आणि तुमचं म्हणणं असं की वरच्या खोलीची घरपट्टी आपण इतकी वर्षं भरतोय म्हणजे ती अधिकृतच झाली की.

मी स्ट्रक्चरल इंजिनियर आहे, मूळची साताऱ्याची, सांगलीत २६ वर्षं हेच काम करतेय आणि माझ्याकडे येणारी निम्मी कामं अशीच असतात, आधी कुणीतरी काहीतरी करून ठेवलेलं आणि आता त्याच्यावर अजून काहीतरी करायचंय. सगळ्यात आधी एकच सांगते दादा, ती भिंत फोडायचं काम आजच्या आज थांबवा. परवानगीचा विषय महिनाभराने काढला तरी चालेल, भिंतीचं तसं नाही. का ते खाली लिहिते.

आधी घरपट्टीचं, कारण हा गैरसमज घरोघरी आहे. घरपट्टी हा कर आहे, परवानगी नव्हे. महापालिका बांधकाम दिसलं की कर लावते, ते कायदेशीर आहे का हे त्या टेबलावर बघत नाहीत. उलट महापालिका अधिनियम १९४९ च्या कलम २६७अ मध्ये बेकायदा बांधकामाला घरपट्टीच्या दुप्पट शास्ती लावायची तरतूद आहे आणि ती शास्ती भरली म्हणून बांधकाम नियमित होत नाही हेही तिथेच लिहिलंय. ६०० चौरस फुटांपर्यंतच्या राहत्या घरांना शासनाने शास्तीतून सूट दिली म्हणून बऱ्याच जणांच्या बिलात ती दिसत नाही आणि मग वाटतं की सगळं ठीक आहे. लाईटचं मीटर, नळाचं कनेक्शन, आधारवरचा पत्ता यातल्या कशानेही खोली अधिकृत होत नाही.

आता परवानगी कशाला लागते आणि कशाला नाही. रंग, गिलावा, फरशी बदलणं, फॉल्स सीलिंग, ओटा नवीन करणं, खराब कौलं काढून तिथेच दुसरी घालणं, याला कुणी विचारत नाही आणि विचारूही नये. पण घराचं क्षेत्रफळ वाढलं, भार घेणारी भिंत कॉलम बीम किंवा स्लॅब यातल्या कशालाही हात लागला, किंवा वापर बदलला, म्हणजे पुढची खोली फोडून शटर लावून दुकान काढलं, तर ते एमआरटीपी कायदा १९६६, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याप्रमाणे 'विकास' झाला आणि परवानगी घ्यावी लागते. नियम आता सगळीकडे जवळपास एकच आहेत. डिसेंबर २०२० पासून मुंबई सोडून बहुतेक सगळ्या राज्याला युडीसीपीआर ही बांधकामाची एकत्रित नियमावली लागू आहे, मग सांगली-मिरज-कुपवाड महापालिका असो नाहीतर सातारा, कराडची नगरपरिषद असो. आणि लोकांना माहितीच नसतं की छोट्या प्लॉटसाठी ते बरंच सोपं झालंय. १५० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे साधारण दीड गुंठा, लायसन्स असलेल्या माणसाच्या सहीने नकाशा दाखल करायचा आणि विकास शुल्क भरायचं, ती पावती हीच परवानगी. ३०० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे तीनेक गुंठे, दहा दिवसांत परवानगी द्यायची असा नियम आहे. तुम्ही या दुसऱ्या गटात बसता. फक्त तुमच्याकडे एक गाठ आहे, वरची २००९ ची खोली. ती नकाशात नाही आणि जागेवर आहे. ती आधी सोडवल्याशिवाय पुढचं नीट होणार नाही.

आता त्या भिंतीबद्दल.

२०११ च्या पावसाळ्यात साताऱ्यातल्या एका पेठेतून मला फोन आला. दुमजली जुनं घर, खाली काळ्या दगडाच्या दोन फुटी भिंती, वर लाकूड आणि वीट. घर घेऊन तीन-चार वर्षं झालेली, बैठकीची खोली मोठी करायची म्हणून खालची दगडी भिंत आठ फूट फोडली होती, वरून दोन लोखंडी गर्डर टाकायचे होते. बाई फोनवर एवढंच म्हणाल्या, मॅडम, वरच्या खोलीचं दार सकाळी लागत होतं, आता लागत नाहीये. मी विचारलं, दाराला वरच्या बाजूला घासतंय का खाली, तर म्हणाल्या वर. मी त्यांना सांगितलं सगळ्यांना घेऊन आत्ता बाहेर जा. सांगलीहून पोचायला अडीच-तीन तास लागले, तोवर ते अंगणात पावसात उभे, घरातल्या आजींनी तेवढ्यातही देव्हाऱ्यातले देव पदरात घेतलेले.

आत गेले तर काय, फोडलेल्या भिंतीच्या दोन्ही कापलेल्या तोंडातून माती आणि बारीक दगड गळत होते, सावकाश, वाळूच्या घड्याळासारखे. लोकांना वाटतं दोन फुटी दगडी भिंत म्हणजे किल्ला. तशी नसते ती. बाहेरचा एक पदर घडीव दगडाचा, आतला एक पदर, आणि मधे माती नि भर. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारे आरपार दगड असले तर असतात नाहीतर नसतात. अशी भिंत मधेच कापली की तिचं पोट मोकळं होतं. वरच्या तुळईला मिस्त्रीने एक लाकडी टेकू दिला होता, तो थेट शहाबादी फरशीवर उभा केलेला आणि ती फरशी खाली दबून तिला तडा गेला होता. वर दार अडकत होतं ते याच्यामुळे. त्या रात्री गावातल्या सेंट्रिंगवाल्याकडून चौदा जॅक आणले, खाली फळ्या टाकून एकेक करून सगळ्या तुळयांना टेकू दिले, पहाटे चारला काम संपलं. घर वाचलं, माणसं वाचली.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. नंतर वर जाऊन गिलावा खरवडला तेव्हा कळलं की आधीच्या मालकाने कधीतरी वरच्या मजल्यावरचे दोन लाकडी खांब काढून त्यांच्या जागी विटांची भिंत चढवली होती. कुणाला न विचारता, कुठे न दाखवता, वरून गिलावा आणि डिस्टेंपर. त्या भिंतीचं आणि तिच्यावरच्या छपराचं सगळं वजन नेमकं खालच्या याच दगडी भिंतीवर येत होतं. नवीन मालकाला काय माहिती? मिस्त्रीला काय माहिती? नकाशा असता तर कुणीही पोरगं टेप घेऊन सांगू शकलं असतं की बाबांनो इथे हात लावू नका. चोरून केलेल्या कामाचा खरा धोका हा आहे दादा. दंड, नोटीस हे नंतरचं. असं काम गिलाव्याखाली जातं, करणारा माणूस म्हातारा होतो, घर विकतो नाहीतर जग सोडून जातो, आणि पुढचा माणूस डोळ्यावर पट्टी बांधून छिन्नी चालवतो.

आता तुमचं घर बघा. वरची खोली २००९ ला चढवली. तिच्या चार भिंतींपैकी तीन खालच्या बाहेरच्या भिंतींवर आल्या असतील असं धरू. चौथी कुठे आहे? १० बाय १२ ची खोली तुमच्या तळमजल्यापेक्षा लहानच आहे, म्हणजे तिची निदान एक भिंत घराच्या मधे कुठेतरी उतरलीय. ती खाली हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधल्या भिंतीवर उतरलेली असायची शक्यता मला खूप वाटते, कारण मिस्त्री वर खोली काढताना खाली भिंत बघूनच वर भिंत धरतो, तेवढं त्याला कळतं. आणि तीच भिंत तुम्ही आता काढताय. कुणाला आठवतंय का घरात? वडिलांना विचारा. त्यांनी चूक केली म्हणून विचारू नका, आठवण म्हणून विचारा, मी कितीतरी घरांत बघितलंय की बाप या विषयावर गप्प बसतो कारण त्याला वाटतं मुलं बोल लावतायत.

मिस्त्रीचं म्हणणं मला इथूनही ऐकू येतंय, "काय हुतंय ओ मॅडम, एक खोली तर हाय, कितीसं वजन येतंय." चला, मोजू. १० बाय १२ चा पाच इंची स्लॅब, काँक्रीट घनमीटरला अडीच टन, म्हणजे स्लॅब झाला साडेतीन टनाच्या आसपास. लोक इथेच थांबतात, स्लॅबलाच घाबरतात. भिंती धरा. तीन बाजूंनी नवीन नऊ इंची विटांची भिंत, ३४ फूट लांब, १० फूट उंच, दारं-खिडक्या वजा केल्या तरी गिलाव्यासकट तेरा टनांच्या आसपास जाते. म्हणजे स्लॅबच्या पावणेचार पट नुसत्या भिंती. वर चार इंच कोबा, दोन टनाच्या थोडं वर. हजार लिटरची टाकी, एक टन पाणी. झाले वीस टन. उसाने भरलेला ट्रक गच्चीवर नेऊन उभा करावा तसं. एक ट्रक २००९ पासून उभा आहे आणि तुम्ही अजून दोन चढवताय, आणि त्याच वेळी खालचा एक टेकू काढताय. हेच काम सहा इंची एएसी ब्लॉकमध्ये, म्हणजे त्या हलक्या सिमेंटच्या ब्लॉकमध्ये केलं तर भिंतींचं वजन तेरावरून पाच टनांच्या आत येतं. जुन्या घरावर मजला चढवायचा असेल तर लाल विटेचा हट्ट सोडा असं मी प्रत्येकाला सांगते, बरेचसे ऐकत नाहीत, ब्लॉकला खिळा बसत नाही म्हणतात.

दुसरी गोष्ट सळ्या. तुमच्या गच्चीवर कॉलमच्या सळ्या वर सोडलेल्या असणार, पुढे मजला चढवायचा म्हणून, आपल्याकडे प्रत्येक दुसऱ्या गच्चीवर त्या दिसतात, काही जण कपडे वाळत घालायची तारही तिलाच बांधतात. वडिलांनी विचार करूनच सोडल्या असतील. पण १९९६ पासून त्या ऊन-पाऊस खातायत. १२ मिलीमीटरच्या सळईला नवीन सळई जोडायची तर दोन फूट तरी लांबी एकमेकीला लागून असावी लागते, ढोबळ हिशोब सळईच्या जाडीच्या पन्नास पट. गच्चीवर बहुतेक ठिकाणी सोडलेली असते फूटभर. आणि गंजाचे पापुद्रे निघून १२ ची १० झालेली असते. वाकवून ठेवलेली सळई परत सरळ केली की वाकलेल्या जागी ती कमजोर होते, कधी तिथेच मोडते. त्यावर नवीन कॉलम उभा करणं म्हणजे वरचा कॉलम खालच्यावर नुसता ठेवल्यासारखं आहे, धरलेला नाही. यावर उपाय आहेत, जुनं काँक्रीट फोडून चांगली सळई उघडी करणं, ड्रिल मारून केमिकलने नवीन सळई बसवणं, कॉलमला बाहेरून जाकीट करणं, म्हणजे भोवती नवीन सळ्या-काँक्रीटचा थर चढवणं. पण कुठला उपाय कुठे, हे कॉलम बघितल्याशिवाय कुणी सांगत असेल तर त्याचं ऐकू नका, माझंही ऐकू नका.

भूकंपाचं पण डोक्यात ठेवा. ११ डिसेंबर १९६७ ची कोयनेची पहाट आमच्या घरात अजून सांगितली जाते, आईचं माहेर पाटण तालुक्यातलं. आजोबांच्या घराच्या दगडी भिंतीचा बाहेरचा पदर अंगणात आणि आतला जागेवर, असं ती सांगते, पेठेतल्या त्या घरात मी उभी होते तेव्हा मला तेच आठवत होतं. सांगली-सातारा भूकंपाच्या तिसऱ्या झोनमध्ये धरतात आणि कोयनेचा भाग चौथ्या. नव्वदच्या दशकात आपल्याकडे ९ बाय ९ चे कॉलम, चार सळ्या बाराच्या, आठ-नऊ इंचांवर एक रिंग, असं सर्रास चालायचं आणि एका मजल्यासाठी ते निभावून जातं. २०१६ च्या भूकंपाच्या कोडमध्ये कॉलमची किमान रुंदी ३०० मिलीमीटर, म्हणजे पूर्ण एक फूट सांगितलीय. ९ इंची कॉलमवर एक मजला, मग दुसरा, असं करत गेलो तर रोजच्या दिवसाला घर उभं राहील, पण जमीन हलली की उभं राहील का, हा प्रश्न वेगळा आणि मिस्त्री तो प्रश्न विचारत नाही.

आणि माती. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडून आवळते, तुमच्या वडिलांनी पाया किती खाली नेला, चार फुटांवर थांबले का मुरूम लागेपर्यंत गेले, त्यावर सगळं अवलंबून आहे. २००९ चं संडास-बाथरूम घराला चिकटवून बाजूला काढलंय असं तुम्ही लिहिलंय. त्याच्या आणि घराच्या जोडावर उभी भेग असेल तर बघा, वरून बारीक नि खाली रुंद आहे का उलट, फोटो काढा, पेन्सिलने भेगेच्या दोन्ही टोकांना रेघ मारून तारीख लिहा. महिन्याने रेघेच्या पुढे गेली तर ती जिवंत आहे. फुकटातलं आहे हे आणि मी हेच सगळ्यात आधी करायला लावते.

पुराचं इथे थोडं लिहिते, तुमच्या घराला लागू नसलं तरी वाचणारे सांगलीतल्या गावभाग, शामरावनगरचे असतील. २००५, २०१९, २०२१. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आणि २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. त्यानंतर कितीतरी घरांनी वर घाईघाईत एक खोली काढली, परवानगी न घेता, आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही, ज्याने गळ्याएवढ्या पाण्यातून आईला खांद्यावर नेलंय त्याला तुम्ही मार्जिनचे, म्हणजे हद्दीपासून किती जागा मोकळी सोडायची त्याचे, नियम काय सांगणार. पण त्याच लोकांनी अजून एक केलं, खालच्या खोल्यांत दोन-दोन तीन-तीन फूट मुरूम भरून फरशी वर घेतली. आतून भरलेला मुरूम जुन्या भिंतीला बाहेर ढकलतो, ओला झाला की अजूनच, त्या भिंती तसला दाब घ्यायला बांधलेल्याच नाहीत. भिंतीला बाहेरून पोट आलंय का ओळंबा सोडून बघा. आणि परवानगीला जाताना तुमचा प्लॉट निळ्या पूररेषेच्या आत आहे का निळ्या आणि लाल रेषेच्या मधे, ते आधी काढा (निळी रेषा नदीच्या जवळची, लाल तिच्या बाहेरची). निळ्याच्या आत नवीन बांधकाम नाही, मधल्या पट्ट्यात जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ४५ सेंटीमीटर वर घ्यायचं या अटीवर मिळू शकतं.

आता तुमच्या कामाचा रस्ता. आधी घरात आहेत ते कागद काढा: मंजूर नकाशा, प्रॉपर्टी कार्ड, मोजणीची नक्कल, भोगवटा प्रमाणपत्र मिळालं असेल तर ते. महापालिका १९९८ ला झाली, तुमचा नकाशा त्याच्या आधीचा आहे, कार्यालयात सापडेल न सापडेल, त्यामुळे घरातली प्रत जिवापाड जपा, आजच मोबाईलवर फोटो काढून भावाला पाठवून ठेवा. मग लायसन्स असलेला इंजिनियर किंवा आर्किटेक्ट आणि वेगळा स्ट्रक्चरलवाला, दोघांना घेऊन आहे त्या घराचा आहे तसा नकाशा करून घ्या, २००९ च्या खोलीसकट, काही न लपवता. स्ट्रक्चरलवाला दोन ठिकाणी पाया उघडून बघेल, एक-दोन कॉलमचा गिलावा काढेल, हातोड्याच्या टेस्टने काँक्रीटचा अंदाज घेईल. याला दोन-तीन दिवस लागतात आणि खर्च तुमच्या किचन ट्रॉलीपेक्षा कमी येतो. त्यानंतर एकच प्रस्ताव करायचा. आहे ते, पाडायचं ते पिवळ्या रेघांत, नवीन करायचं ते लाल रंगात, आणि २००९ चं नियमित करून घ्यायचं म्हणून स्पष्ट दाखवायचं.

जुनी खोली नियमित होईल का? नियमात बसत असेल तर तडजोड शुल्क भरून होते. दोन गुंठे म्हणजे साधारण २१७८ चौरस फूट, दाट वस्तीबाहेरच्या भागात बेसिक एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम चालतं ते, १.१०, म्हणजे २४०० चौरस फुटांच्या आसपास बांधकाम बसतं, तुमचा तळमजला, वरची खोली आणि नवीन दोन खोल्या यात निघून जाव्यात. अडचण एफएसआयची नसते, साइड मार्जिनची असते. बाजूला चिकटवलेलं ते बाथरूम मार्जिनमध्ये गेलं असेल तर ते राहणार नाही, आणि मला वाटतं शेजारच्या काकांचा राग त्याच्यावरच आहे. तेवढं स्वतःहून पाडायची तयारी ठेवा आणि नवीन नकाशात बाथरूम घराच्या आत घ्या. कुपवाडकडे वगैरे प्लॉट गुंठेवारीतला, म्हणजे परवानगीशिवाय तुकडे पाडून विकलेल्या जमिनीतला असेल तर आधी गुंठेवारी नियमितीकरणाचं प्रमाणपत्र लागतं, २००१ च्या त्या कायद्याची मुदत २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना वाढवून दिलीय, तो विषय मोठा आहे, लागू असेल तर वेगळं विचारा.

काकांनी तक्रार केली आणि एमआरटीपीच्या कलम ५३ ची नोटीस आलीच तर घाबरून फाडून टाकू नका आणि कुठल्या एजंटाकडे पळू नका. त्याच कलमात सोय आहे की नोटिशीत दिलेल्या मुदतीच्या आत कलम ४४ खाली अर्ज करून बांधकाम ठेवण्याची परवानगी मागता येते. मुदत चुकवली की मात्र हात बांधले जातात. कायद्यात एक महिना ते तीन वर्षं कैदेची शिक्षाही लिहिलेली आहे. आणि काकांशी भांडू नका, नकाशा झाला की घेऊन जा त्यांच्याकडे आणि दाखवा. त्यांच्या खिडकीचा उजेड आणि तुमच्या गच्चीचं पाणी त्यांच्या अंगणात पडतं का, या दोन गोष्टी सुटल्या की बहुतेक काका शांत होतात असा माझा अनुभव आहे.

लोक परवानगीला का जात नाहीत हे मला माहिती नाही असं समजू नका. माझी स्वतःची एक फाईल एका कार्यालयातून तीनदा परत आली, एकदा आडनावातल्या वेलांटीवरून, एकदा सही निळ्या शाईत नाही म्हणून, तिसऱ्यांदा कारणच लिहिलं नव्हतं. मालक शिक्षक होते, रिटायर झालेले, चौथ्या फेरीला मला म्हणाले मॅडम राहू द्या, मी बांधतो तसंच. मला रडू आलं होतं त्या दिवशी, रागाने. चौथ्यांदा मी स्वतः जाऊन दिवसभर तिथे बसले आणि संध्याकाळी फाईल घेऊन आले. सांगायचं काय, तो त्रास खरा आहे. पण तो त्रास टाळायला म्हणून लोक जे टाळतात ती परवानगी नसते फक्त, त्यासोबत तो एकमेव दिवस टळतो ज्या दिवशी कुणीतरी शिकलेला माणूस कॉलमजवळ उभा राहून हिशोब करतो. कार्यालयाला वैतागला असाल तर वैतागा, तो दिवस तेवढा सोडू नका. आणि पुढे त्याच घरावर कर्ज काढायचं म्हटलं की बँकेचा व्हॅल्युअर मंजूर नकाशा मागतो आणि नकाशात नसलेली खोली तो धरत नाही, म्हणजे खर्च केलेला तुम्ही आणि किंमत शून्य, हेही आहेच.

आता आजच मिस्त्रीला सांगा भिंतीला हात नको, तोवर ओट्याचं नि फरशीचं काम करू दे, त्याचा रोज बुडायला नको. मग टेप घ्या आणि एक माणूस सोबत. हॉलच्या मुख्य दारापासून त्या मधल्या भिंतीपर्यंतचं अंतर खाली मोजा. मग वर जाऊन त्याच बाजूच्या बाहेरच्या भिंतीपासून २००९ च्या खोलीच्या आतल्या भिंतीपर्यंतचं अंतर मोजा. भिंतीची जाडी दाराच्या चौकटीजवळ मोजा, नऊ इंच आहे का साडेचार. स्लॅबच्या खाली त्या भिंतीच्या रेषेत बीम दिसतोय का बघा, गिलाव्याची एक पट्टी खाली उतरलेली दिसेल. कोपऱ्यांत कॉलम आहेत का नुसत्या भिंतीच आहेत ते बघा. या पाच गोष्टी आणि फोटो इथेच टाका, बाथरूमच्या जोडावरच्या त्या भेगेच्या फोटोसकट, मी रविवारी संध्याकाळी बसून बघते. दोन्ही अंतरं सारखी निघाली तर रविवारचीही वाट बघू नका, त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन जॅक आत्ताच लावून घ्या, खाली जाड फळी टाकून, फरशीवर नाही.